लेखाच्या खालची ओळ

माझी भाची पुण्यात बसून कापडी पिशव्या विकते. दुकान नाही, सगळं संगणकावर. मागच्या सुट्टीत माझ्याकडे आली तेव्हा ती सकाळपासून दुसऱ्यांच्या ब्लॉगवर लिहायला जागा शोधत होती. लेख हिने लिहायचा, त्यांनी आपल्या ब्लॉगवर टाकायचा, पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत, आणि लेखाच्या शेवटी हिच्या पिशव्यांच्या पानाची लिंक द्यायची.

"पैसे मागणारे ढीगभर आहेत गं मावशी," ती म्हणाली. "फुकटात चांगली जागा कशी शोधायची तेच कळत नाही."

मी गवार निवडत होते. म्हटलं, "मला विचार की."

ती हसली. संगणकातली माझी गती तो बंद करण्यापुरतीच आहे, हे तिला माहीत आहे. पण हेच काम मी सांगलीत केलेलं आहे, तिच्या जन्माच्या आसपास. आणि ते जमलं नसतं तर मला सांगली सोडावी लागली असती.

नव्वदच्या दशकातली मधली वर्षं. नवरा फौजेत, नेमणूक अशा ठिकाणी की कुटुंब नेता येत नव्हतं. मी मिरज रस्त्याच्या आतल्या अंगाला दोन खोल्या घेऊन राहत होते. दाराशी एक मोपेड होती, म्हसवडच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून घेतलेली. नवऱ्याच्या एका सुट्टीत मी ती चालवायला शिकले आणि पुढच्या उन्हाळ्यात शेजारणीला शिकवली. शेजारीण सरकारी दवाखान्यात नर्स होती. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची, मीही तेच म्हणायचे. पाळी बदलली की तिला नवऱ्याची वाट बघत फाटकात उभं राहावं लागायचं. गाडी चालवता यायला लागली आणि ते संपलं.

"तू ओरडत नाहीस गं," सिस्टर म्हणाली. "आमच्या ह्यांनी शिकवलं असतं तर एक तर गाडी मोडली असती, नाहीतर संसार. तू क्लास काढ."

मी काढला. एका शाळेच्या मागं मोकळं मैदान होतं, तिथं सकाळी शाळा भरायच्या आत शिकवायचं. पहिल्या दोघी सिस्टरच्या ओळखीच्या. त्यांचं झालं, आणि पुढं कुणी येईना. मैदान होतं, गाडी होती, शिकवणारी होती. फक्त हे सगळं आहे, हे कुणाला माहीत नव्हतं.

शिमग्याला सासरे वडूजहून आले. आमची तिकडं कोरडवाहू जमीन. मटकी आणि बाजरीची पिशवी खाली ठेवून ते खाटेवर बसले आणि पाणी प्यायच्या आधीच विषयाला हात घातला.

"तू हितं एकटी काय करतीस? त्यो तिकडं, आमी तिकडं, आन तू हितं बायकांस्नी गाडी शिकवतीस. गावात लोक इचारत्यात, सून काय करती? काय सांगू?"

"सांगा की गाडी शिकवती म्हणून."

"कुणाला?" ते म्हणाले. "कुठाय गिऱ्हाईक?"

मी उठून चहाचं आधण ठेवलं. मग ते जरा मऊ झाले. "दसऱ्यापातूर बघ. माणसं लागली तर ऱ्हा बापडी. न्हाईतर मी सोता येतो भांडी भराया. हिकडचं भाडं भरून रिकामं बसण्यात काय हाशील न्हाई."

त्यांचं चुकत नव्हतं. मला राग आला तो त्यामुळंच. मला वडूजला जायचं नव्हतं. तिथं माझं काही वाईट झालं नसतं, पण तिथं मी कुणाची तरी सून म्हणून सकाळी उठले असते आणि सून म्हणूनच झोपले असते. सांगलीत मी सकाळी गाडीची किल्ली घेऊन बाहेर पडत होते.

पेपरात जाहिरात द्यायची तर ती परवडणारी नव्हती. पण त्याच पेपरात, रविवारच्या पानावर, एका दातांच्या डॉक्टरचा लेख होता. शेवटी बारीक अक्षरात, 'लेखक दंतवैद्य असून त्यांचा दवाखाना अमुक पेठेत आहे.' मी दोनदा वाचलं. डॉक्टरने जाहिरातीचा पैसा दिला नव्हता, उलट पेपरला पान भरायला मजकूर दिला होता. आणि दवाखान्याचा पत्ता घरोघरी गेला होता. मला लिहायची हौस नव्हती; आजही नाही. पण ती खालची ओळ मला हवी होती.

रविवारच्या पानात आपला नंबर लागणार नाही, एवढं कळत होतं. मग मी रद्दीच्या दुकानात गेले. रद्दीवाल्याला वाटलं बाई पुड्या बांधायला कागद शोधते. मी गठ्ठे उलगडून लहान लहान अंक बाजूला काढले. सांगलीत काय काय छापलं जातं हे मला तोवर माहीत नव्हतं. बँकेच्या कर्मचाऱ्यांचं त्रैमासिक, साखर कारखान्याची पत्रिका, ज्ञातीची मासिकं, शाळांचे वार्षिक अंक, तरुण मंडळांच्या स्मरणिका. मी जमिनीवर बसून चाळत होते. ज्या अंकात बाहेरच्या कुणाचंच लेखन नाही, तिथं दार बंद. ज्यात संपादकाच्याच चार कविता, शिवाय त्याच्या मेव्हण्याचं प्रवासवर्णन, तिथं मजकुराची टंचाई आहे असं समजायचं. आणि ज्या पानावर खाली जागा उरली म्हणून सुविचार टाकलेत, तिथं माणूस अगदी भुकेला आहे.

भाचीला हे सांगितलं तेव्हा तिने संगणकातून डोकं वर काढलं. म्हणाली, "मावशी, हे तर मी पण बघू शकते." मी म्हटलं, बघच.

पहिला लेख मी लिहिला 'स्त्री आणि स्वावलंबन'. लिहून झाल्यावर सिस्टरला वाचून दाखवला. ती ड्युटीवरून येऊन पाय पाण्यात बुडवून बसली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "ह्यात गाडी कुठाय?"

"शेवटी आहे."

"शेवटापर्यंत कोण येतंय? मी शेजारीण म्हणून बसले." मग म्हणाली, "अगं, आमच्या वस्तीत जयंतीची स्मरणिका निघते. भाषणं आमच्याकडे रग्गड आहेत. तुला येतं ते लिही. ब्रेक कुठला आधी दाबायचा ते लिही."

मी तेच लिहिलं. नवशिक्या बाईने पहिल्या दिवशी काय करायचं, साडी कशी खोचायची, गाडी बंद पडली तर लाजून ढकलत न नेता काय तपासायचं. एक पान. स्मरणिका एप्रिलात निघाली आणि लेखाखाली माझं पूर्ण नाव, मैदानाचा पत्ता, वेळ, सगळं ठसठशीत होतं. मी सिस्टरला म्हटलं, एवढं मोठं नाव घातलं?

"आमच्यात नाव छापायचं म्हणजे छापायचंच," ती म्हणाली. "माझ्या आजीला आख्खा गाव अमक्याची बायको म्हणायचा. तिचं नाव पहिल्यांदा छापलं ते ह्याच स्मरणिकेत, देणगीच्या यादीत. ती कागद उशाला घेऊन झोपायची."

त्या ओळीने मला एक अंगणवाडीची ताई, एक प्राथमिक शिक्षिका आणि टपाल खात्यातली एक बाई दिली. उन्हाळा निघाला. मग पुन्हा मैदान रिकामं पडलं. पावसाळ्यात एका साप्ताहिकाला लेख दिला, त्यांनी तो छापलाच नाही. ज्ञातीच्या एका मासिकाने विचारलं, तुम्ही आमच्यातल्या का? नाही म्हटल्यावर लेख परत आला. गणपती गेले. वडूजहून फोन आला की सासऱ्यांनी टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं आहे.

शेवटी मी अंकांच्या मागच्या पानावर छापखान्याचं नाव असतं ते बघितलं आणि थेट छापखान्यातच गेले. संपादक खोटं सांगेल, 'आमच्याकडे खूप साहित्य आलंय' म्हणेल. छापखान्याचा मालक खरं सांगतो, कारण पानं रिकामी राहिली की त्याचंच काम अडतं. मालक म्हणाला, "कुपवाडच्या कारखानदारांची पत्रिका बघा. खंडेनवमीला अंक वाटायचाय आणि अजून निम्मा कोरा आहे. संपादक रोज येऊन माझ्याच डोक्याला हात लावून बसतोय."

कुपवाड म्हणजे लहान लहान कारखाने, आणि तिथला प्रत्येक कामगार दुचाकीवर येणारा. खंडेनवमीला यंत्रांची पूजा असते, गाड्या धुऊन रांगेत लावतात, हार घालतात, आणि त्या दिवशी घरची बायकामुलंही कारखान्यात येतात. मला ह्याहून चांगली जागा मिळणार नव्हती. मी त्याच संध्याकाळी लेख लिहिला, 'हार घालण्याआधी'. हार हँडलला अडकवू नका, वळताना पुढच्या चाकात जातो. लिंबू ब्रेकच्या वायरीला बांधू नका. हळदकुंकवाचं पाणी प्लगवर शिंपडू नका, मग गाडी सुरू होत नाही आणि देवाला दोष जातो. पूजेनंतर बायकोला मागं बसवून फेरी मारणार असाल तर आधी तिचा पदर खोचलाय का बघा. खाली माझं नाव, मैदान, वेळ.

संपादक म्हणजे एका फाउंड्रीतले सुपरवायझर होते. पन्नाशीचे, सज्जन. माझी, नवऱ्याची चौकशी केली, लेख उभ्या उभ्या वाचला आणि म्हणाले, "वहिनी, असला लेख आमच्याकडे कवाच आला न्हाई. सगळे देशाच्या प्रगतीवर लिहितात."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी अंक आणायला गेले. लेख पहिल्याच पानावर होता. एक शब्द कापला नव्हता. खाली लिहिलं होतं, 'एक भगिनी'.

बस. नाव नाही, मैदान नाही, वेळ नाही.

"हे काय?" मी विचारलं.

सुपरवायझरांचा चेहरा खुलला. आपण किती नाजूक गोष्ट सांभाळली ह्याचं कौतुक होईल अशी त्यांची अपेक्षा असावी. "वहिनी, मी मुद्दाम बदललं. साहेब तिकडं सरहद्दीवर. तुम्ही हितं एकट्या. अख्ख्या कुपवाडातले गडी तुमचं नाव-गाव वाचणार, बरं दिसतं का? घरंदाज बाईचा पत्ता असा चव्हाट्यावर? उद्या कुणी दारात येऊन उभं राहिलं तर?"

"अहो, दारात यावं म्हणूनच लिहिलाय लेख!"

"आं?"

"बायकांनी यावं म्हणून. मी शिकवते. मला ती खालची ओळ पाहिजे होती, वरचा लेख तुम्हाला दिला होता."

ते खाली बसले. खरोखर वाईट वाटलं त्यांना. पण अंक छापून, गठ्ठे बांधून झाले होते. "आता काय करू? उद्या या तरी," ते म्हणाले. "प्रसादाला या."

घरी येऊन मी सिस्टरला सांगितलं. ती आधी हसली आणि मग हसायची थांबली, कारण दसरा परवावर आला होता. "जा उद्या," ती म्हणाली. "गाडीवरच जा. भगिनी काय चीज आहे बघू दे त्यांना."

गेले. फाउंड्रीच्या आवारात गाड्यांची रांग, झेंडूचा वास, लेथला उसाची कांडी बांधलेली. पुरुष यंत्रापाशी, बायका एका अंगाला पत्र्याच्या सावलीत. आरती झाली. सुपरवायझरांनी माइक हातात घेतला आणि, माझी भरपाई म्हणून असेल, माझा लेख वाचायला सुरुवात केली. पहिल्यांदा लोक कुजबुजत होते. लिंबाच्या वाक्याला दोघांनी उठून आपापल्या गाड्यांची लिंबं सोडली आणि हशा पिकला. शेवटी ते म्हणाले, "हा लेख आपल्या एका भगिनीने लिहिलेला आहे."

बायकांतून खणखणीत आवाज आला. "कुठली वो भगिनी?"

एका फोरमनची बायको होती ती. अंगाने भरलेली, हातात प्रसादाचा द्रोण. "आवं भाऊ, कुणा बाप्यानंच लिवलं असंल आन खाली बाई लावली. बाईमाणसाला प्लग ठावं असतोय व्हय?"

बाकीच्या हसल्या. सुपरवायझर घामाने डबडबले. नाव सांगावं तर कालचं त्यांचंच म्हणणं आडवं येत होतं, न सांगावं तर बाई ऐकत नव्हती. मी गाडी स्टँडवरून काढली आणि पुढं नेली.

"मी लिहिलाय," मी म्हटलं.

फोरमनच्या बायकोने मला वरून खाली पाहिलं. "गाडी तुमची?"

"माझी."

"चालवता?"

"त्याशिवाय आले कशी?"

"एकटीनं कुणीबी चालवंल," ती म्हणाली. "मला मागं घिऊन चालवा, मग मी मानती."

आता पुरुषही वळून बघायला लागले. तिचा नवरा लांबून म्हणाला, "अगं, ती मोपेड हाय, ट्रक न्हवं."

"तुमी गप ऱ्हावा. तुमच्या मागं बसून वीस वर्सं झाली, कवा इचारलंत का पदर खोचलाय म्हणून?"

ह्याच्यावर फार मोठा हशा झाला. ती द्रोण शेजारणीच्या हातात देऊन आली आणि बसली. गाडी मागून खाली दबली, पुढून हलकी झाली. मी तिला म्हटलं, "पदर खोचा, मला धरा, आणि मी वळेन तिकडं तुम्ही कलू नका." मैदानावर हे मी सगळ्यांना सांगते. पडलो असतो तर वडूज पक्कं होतं. गाड्यांच्या रांगेला वळसा घालून, भट्टीच्या पलीकडून, फाटकापाशी वळून परत आणलं. ती वळणावर एकदाच ओरडली, "आई गं!"

उतरली तेव्हा तिने माझा दंड सोडला नव्हता. "मला शिकवशीला?"

"शिकवते. उद्या दसरा आहे, मुहूर्त शोधायला नको." आणि मी सुपरवायझरांकडे वळले. "भाऊ, आता सांगता का माइकवर? मैदान कुठाय आणि वेळ काय?"

त्यांनी सांगितलं. दोनदा सांगितलं. नावापाशी जरा अडखळले, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, मग तेही सांगितलं, आडनावासकट. कुणालाही काही झालं नाही.

दसऱ्याच्या सकाळी मैदानावर फोरमनची बायको होती, तिच्यासोबत तिच्या दोन जावा, त्यांच्या मागं कुपवाडच्या आणखी बायका. काहीजणी नुसत्याच बघायला आल्या होत्या, आणि बघायला आलेली बाई दोन दिवसांनी विचारते, हा माझा अनुभव आहे. सुपरवायझरांनी आपल्या मुलीलाच पाठवलं. एका गाडीवर एवढ्या बायका शिकवायच्या कशा, हा प्रश्न पहिल्यांदाच पडला, आणि तो पडला म्हणून मला बरं वाटलं. संध्याकाळचीही वेळ ठेवायची असं ठरलं.

दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांनी सासरे आले. कांदा घेऊन आलेला गावचा टेम्पो बाजारात रिकामा झाला होता, त्यात माझं सामान जायचं होतं. घराला कुलूप बघून ते विचारत विचारत मैदानावर पोचले आणि हात मागं बांधून कडेला उभे राहिले. फोरमनची बायको तेव्हा सरळ जायला शिकली होती, पण वळायला नाही.

"आवं मामा, बाजूला व्हा!" ती लांबूनच ओरडली. "मला वळता येत न्हाई अजून!"

सासरे टुणकन कट्ट्यावर चढले. तिथूनच त्यांनी मैदानावर नजर फिरवली. बायका मोजल्या असाव्यात, ओठ हलत होते.

घरी चहा पिताना त्यांनी चष्मा लावून पत्रिकेतला लेख वाचला, अगदी सावकाश. मग पान उलटं करून मागंही बघितलं.

"ह्यात तुजं नाव कुठाय?"

मी सांगितलं काय झालं ते. मला वाटलं म्हणतील, बरं केलं.

"मंजी?" त्यांनी चष्मा काढला. "माज्या सुनंचं नाव छापाया त्याला कसली लाज वाटली? चोरीचं लिवलंय काय?" पत्रिका घडी घालून खाटेवर टाकली. मग म्हणाले, "आमच्या पतसंस्थेचा दिवाळीला अंक निघतो. चेरमन माज्या तालमीतला हाय. त्याला सांगतो. तू लेख दे."

"फुकट देते, मामा. पण खाली नाव आणि मैदानाचा पत्ता पाहिजे."

"वडूजची बाई हितं गाडी शिकाया कशी यील?"

"वडूजच्या किती लेकी सांगली-मिरजेला दिल्यात? त्यांच्या आया अंक वाचणार."

ते बोटांवर मोजायला लागले. "व्हय की," म्हणाले. मग खिशातून पेन काढलं. "सांग, काय लिवायचं खाली."

मी सांगितलं, त्यांनी लिहिलं. लिहून झाल्यावर सगळ्यात शेवटी त्यांनी स्वतःच्या मनाने घातलं, अमक्या अमक्याची सून. मला वाचून दाखवलं आणि मी काय म्हणते ह्याची वाट बघत राहिले.

"राहू दे," मी म्हटलं. "पण तिथंच राहू दे, शेवटी."

"लय चांगलं," ते म्हणाले.

टेम्पोवाल्याने दाराशी येऊन दोनदा हॉर्न वाजवला. सामान किती आहे, विचारायला आला होता. सासऱ्यांनी त्याला बाजरीच्या रिकाम्या पिशव्या दिल्या, पत्रिकेचे चार अंक काखेत मारले आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले. मी मोपेडच्या चाकांत हवा भरली. संध्याकाळच्या बायका यायच्या होत्या.